मगरीसाठी इंजिन

सकाळच्या चहाला प्रेमलाबाईंनी विचारलं, "अहो, मला जरा तीन इंजिनं निवडून द्याल का?" आणि भास्करराव कारखानिसांनी हातातला कप खाली ठेवला.

डिझेल इंजिनांच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना लोक पुष्कळ काही विचारत. पाणी आलं का, लिफ्ट चालू आहे का, वरच्या मजल्यावर कोणाकडे पाहुणे आलेत. पण इंजिनाबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. ज्या माणसाने उभी हयात मकरपुऱ्याच्या कारखान्यात इंजिनांच्या पोटात डोकं घालून काढली, त्याच्याकडे कारेलीबागेतल्या एका अख्ख्या सोसायटीला विचारण्यासारखं काही नसावं, याचं त्यांना मनातून वाईट वाटे. ते बोलून दाखवत नसत. फक्त जाता-येता एखाद्या स्कूटरचा आवाज ऐकून "टॅपेट वाजतंय" एवढं म्हणत. मालक हसून पुढे जाई.

तर इंजिनं हवी होती ती अशी. मुलगी देवश्री नोकरीसाठी बंगळूरला गेली तेव्हा तिचा खेळायचा कॉम्प्युटर, त्याला जोडायचं स्टिअरिंग आणि पायाखालची पेडलं मागच्या खोलीत ठेवून गेली. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या प्रेमलाबाई गुडघा दुखावून घरी बसल्या आणि सहज म्हणून त्या स्टिअरिंगला हात लावला, तो आजतागायत काढला नव्हता. खऱ्या आयुष्यात त्यांनी स्कूटरच्या पुढे काही चालवलेलं नाही. त्या खेळात मात्र त्या डोंगर, वाळवंट, बर्फ, सगळीकडून गाडी नेत आणि नुसती नेत नसत, तर नव्या गाड्या तयारही करत. त्यांच्या कंपनीचं नाव विश्वामित्री मोटर्स. मगरींनी भरलेल्या आपल्या गावच्या नदीचं नाव दिल्यावर नव्या गाडीचं नाव वेगळं शोधायला नको होतं. ते होतं 'मगर'.

मगर ही भारीतली, उंच, रुबाबदार एसयूव्ही होती. आत तांबूस कातडी बैठका, दारांना आतून पैठणीचे काठ आणि बॉनेटवर चांदीची मगर. जगभरातल्या खेळाडूंची एक स्पर्धा होती. प्रत्येकाने एक काल्पनिक श्रीमंती गाडी करायची, तिला शोभतील अशी तीन इंजिनं द्यायची, मग परीक्षक ती घाटातून चालवून बघणार. मगरीचं सगळं झालं होतं. बॉनेटखाली मात्र रिकामी जागा होती.

"खेळच आहे," प्रेमलाबाई म्हणाल्या, "पण माणसं फार गंभीर आहेत हो तिथली."

गंभीर माणसं म्हटल्यावर भास्कररावांनी चष्मा पुसला. वजन किती, चाकांचा व्यास किती, चढ किती अंशांचा, असं त्यांनी भराभर विचारलं. प्रेमलाबाईंना वजन ठाऊक होतं, अडीच टन. बाकी बैठकांच्या शिवणीच्या दोऱ्याची छटा त्या नेमकी सांगू शकत होत्या. भास्कररावांनी दोऱ्याकडे दुर्लक्ष केलं. मुळात तीन इंजिनं ही कल्पनाच त्यांना पटली नाही. चांगलं इंजिन एकच असतं, असं त्यांचं मत होतं आणि ते इंजिन त्यांच्या कारखान्याचं 'धीरज' होतं. सहा सिलिंडरचं, डिझेलवरचं, धक्क्यावरच्या बोटींना आणि खडी फोडायच्या यंत्रांना बसणारं. पेट्रोलला ते अत्तर म्हणत.

इथपर्यंत प्रकरण घरातल्या घरात होतं. प्रेमलाबाईंची चूक एवढीच झाली, की लिफ्टची वाट बघताना त्या हे तळमजल्यावरच्या हेमेंद्रभाई शाहांना बोलून गेल्या.

हेमेंद्रभाई करसल्लागार. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो लिटरला गाडी किती धावते हा: "बेन, एवरेज केटली?" गाडी कॉम्प्युटरमध्ये आहे, तिला पेट्रोल लागत नाही, असं प्रेमलाबाईंनी सांगून पाहिलं. हेमेंद्रभाईंचं समाधान झालं नाही. एवरेज माहीत नसलेली गाडी करायचीच कशाला, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. त्यांनी सीएनजी किट सुचवलं. सिलिंडर मागे डिकीत बसेल. डिकीत चांदीच्या पेल्यांची पेटी आहे, असं प्रेमलाबाई म्हणाल्या. पेले मांडीवर धरावेत, असं हेमेंद्रभाईंनी सुचवलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या प्रतापसिंहराव शिर्क्यांना ही बातमी जिन्यात मिळाली. शिर्क्यांचे पणजोबा कुठल्याशा सरदारांच्या पागेवर होते आणि त्या नात्याने वाहन या विषयात शेवटचा शब्द आपला, असं प्रतापसिंहराव धरून चालत. स्वतः ते भाजी आणायला बसने मांडवीला जात, पण त्याचा इथे संबंध नाही. बारा सिलिंडरच्या खाली श्रीमंती गाडीबद्दल बोलूच नये, असं त्यांनी सांगितलं. गाडी सुरू झाली तरी आत बसलेल्याला ती कळता कामा नये. मग भास्कररावांच्या धीरजबद्दल कळताच ते मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, "कारखानीस, ते मालवाहू झालं."

मालवाहू हा शब्द भास्कररावांना फार लागला. दुपारी झोपताना त्यांनी तो दोनदा स्वतःशी उच्चारून पाहिला. त्यात नेमका काय अपमान आहे हे त्यांना सांगता आलं नसतं, पण होता एवढं नक्की. धीरजच बसवायचं, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं.

प्रेमलाबाईंनी ते बसवलंही. खेळात इंजिनाची सगळी मापं भरता येत. लांबी, वजन, ताकद. भास्कररावांनी एकेक आकडा तोंडपाठ सांगितला. मग ते पलंगाच्या कडेवर बसले आणि प्रेमलाबाईंनी गाडी सुरू केली. मगर पुढून इतकी खाली झुकली होती, की पडलेला चष्मा शोधणाऱ्या माणसासारखी दिसत होती. सरळ रस्त्यावर ती ऐटीत गेली. पहिल्या वळणावर प्रेमलाबाईंनी स्टिअरिंग फिरवलं, गाडी मात्र फिरली नाही. ती नाकासमोर एका मोठ्या हॉटेलच्या बागेत शिरली, फुलझाडं तुडवत कारंज्यापाशी गेली आणि कठड्याला धडकून पाण्यात उलटी झाली. चाकं आभाळाकडे, चांदीची मगर पाण्याखाली.

भास्कररावांच्या फक्त एक गोष्ट लक्षात आली. "बघ," ते म्हणाले, "इंजिन बंद पडलं नाही."

त्यानंतर अनेकदा प्रयत्न झाले आणि दर वेळी गाडी कारंज्यातच गेली. खेळातलं गुरुत्वाकर्षण चुकलेलं आहे, असा निष्कर्ष भास्कररावांनी काढला. चूक दिसल्यावर गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी खेळाच्या मदत-कक्षाला सविस्तर तक्रार लिहिली, कारखान्यात लिहीत तशी, विषय आणि संदर्भासकट. उत्तर लगेच आलं. 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. तपासणीत असं दिसतं की आपला ड्रायव्हर फार जुना झाला आहे. कृपया तो काढून नवा घ्यावा.'

भास्कररावांनी ते दोनदा वाचलं आणि त्यांचे कान तापले. बायकोवर त्यांचे स्वतःचे आक्षेप होते, पण ते त्यांचे होते. परक्या माणसाने, तेही कॉम्प्युटरवरून, असं लिहावं? सबंध सकाळ घालवून त्यांनी उत्तर तयार केलं. गाडी चालवणारी व्यक्ती ही एका नामांकित शाळेची निवृत्त शिक्षिका असून तिचा आदर राखला जावा, तिला काढून नवी घेण्याचा आपला कोणताही विचार नाही, अशा अर्थाचं. ते पाठवूनही झालं. संध्याकाळी देवश्रीचा फोन आला तेव्हा तिला हे सगळं सांगितलं गेलं. मग तिने शांतपणे सांगितलं, की बाबा, कॉम्प्युटरमध्ये चित्र दाखवायला जी एक यंत्रणा असते तिलाही ड्रायव्हर म्हणतात. आईबद्दल ते काही म्हणत नव्हते.

भास्कररावांनी तिला अभ्यासाविषयी विचारलं. तिचा अभ्यास संपून चार वर्षं झाली होती.

मग आवाजाचा प्रश्न निघाला. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक इंजिनाचा आवाज स्वतः टिपलेला असायला हवा होता. इथे मात्र भास्कररावांचा चेहरा उजळला. धीरजचा आवाज टिपायचा तर कारखान्यात जायचं आणि कारखाना म्हणजे आपलं दुसरं घर. इस्त्रीचा शर्ट घालून ते निघाले.

दुसऱ्या घराच्या फाटकावरचा रखवालदार नवा होता. कोणाला भेटायचं, त्याने विचारलं. भास्कररावांनी तीन नावं सांगितली. तिघेही निवृत्त झाले होते. मग भेटीचं कारण विचारण्यात आलं. भास्करराव म्हणाले, आवाज ऐकायचाय. कोणाचा, असं रखवालदाराने विचारलं. इंजिनाचा, असं सांगितल्यावर त्याने आतून एक तरुण अधिकारी बोलावला. तो अतिशय नम्र होता. त्याने भास्कररावांना बसवलं, पाणी दिलं, सुरक्षेचा माहितीपट दाखवला आणि मोबाईल फाटकावर जमा करावा लागेल असं सांगितलं. मोबाईलशिवाय आवाज टिपणार कशात, हे भास्कररावांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, "काका, नुसता ऐकायचा असेल तर येऊ शकता."

माहितीपटात हेल्मेट घालून उभे असलेले भास्करराव स्वतः होते, जुन्या चित्रीकरणातले. हे त्या अधिकाऱ्याच्या लक्षात आलं नाही आणि भास्कररावांनी ते आणून दिलं नाही. ते रिक्षा करून घरी आले.

हेमेंद्रभाईंना हे समजलं, तेव्हा त्यांना मनापासून वाईट वाटलं. त्यांच्या पुतणीचं लग्न जवळच्याच एका पार्टी प्लॉटवर होतं, भर दुपारी. मंडपामागे मोठा जनरेटर ठेवणार होते, त्यात बहुतेक तुमचंच इंजिन असेल, जमणवार छे, जेवायला तमे पण आवो, असं आग्रहाने त्यांनी सांगितलं. तेल-बिल लागेल म्हणून भास्करराव जुना शर्ट घालून गेले. ही दुसरी चूक.

मंडपामागे खरोखरच धीरज होतं. हिरव्या रंगाचे पोपडे उडाले होते, पण आवाज तोच. भास्कररावांनी त्याच्या झाकणावर हात ठेवला. जनरेटर सांभाळणाऱ्या माणसाने हा कोणी जाणकार दिसतो असं ओळखून, जरा बघाल का काका, मी चार घास खाऊन येतो, असं म्हटलं आणि तो गेला तो गेलाच. भास्कररावांनी मोबाईल इंजिनाजवळ धरून आवाज टिपायला घेतला. तेवढ्यात नवरीचे मामा आले. मंडपातल्या कुलरची हवा कमी झालीय, याबद्दल त्यांनी भास्कररावांना गुजरातीतून फैलावर घेतलं. भास्कररावांनी खुलासा करायला तोंड उघडलं, पण एअर फिल्टर तुंबलाय हे त्यांच्या कानाने आधीच ओळखलं होतं, त्यामुळे खुलाशाऐवजी त्यांनी फिल्टर काढून झटकला. हवा वाढली. मामा खूश झाले आणि फेरे होईपर्यंत इथून हलायचं नाही असं बजावून गेले.

म्हणून भास्करराव हलले नाहीत. इंजिन सोडून जाणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. थोड्या वेळाने वाढप्याने 'जनरेटरवाळा काका'साठी ताट आणून दिलं. ते ताट मांडीवर घेऊन, कोपरापर्यंत काळे झालेले असे ते बसलेले असताना, विडा चघळत मोकळ्या हवेला आलेले प्रतापसिंहराव शिर्के, रेशमी जोधपुरी कोटात, त्यांच्या समोर उभे राहिले.

प्रतापसिंहरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. "हे कधीपासून, कारखानीस?" त्यांनी विचारलं. आवाजात खरी काळजी होती, हे जास्त वाईट होतं.

एवढं सोसून आणलेला आवाज प्रेमलाबाईंनी खेळात घातला. आवाज फार सुंदर आला होता, भरदार, घुमणारा. त्यांनी गाडीचा वेग वाढवला. खेळात टिपलेला तुकडाच पुन्हा पुन्हा वाजतो आणि वेगाबरोबर तो भराभर आणि बारीक होत जातो. गाडीने गती घेतली तशी इंजिनाच्या गुरगुरण्यातून एका बाईचा दूरचा आवाज येऊ लागला. "दाळ-भात लावो." मंडपात कोणीतरी वाढप्यांना डाळ-भात आणायला सांगत होतं. गाडी आणखी धावली तशी ती बाई आणखी घाईला आली. हॉटेलच्या बागेपर्यंत तिचा आवाज चिमणीएवढा झाला होता. कारंज्यात उलटी पडलेली अडीच टनांची श्रीमंती गाडी आभाळाकडे चाकं करून डाळ-भात मागत होती.

प्रेमलाबाई हसल्या. त्यांनी थांबायचा प्रयत्न केला, पण डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा काढावा लागला. भास्करराव उठले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन वर्तमानपत्र उघडून बसले. रखवालदार, मामा, शिर्के, हे सगळे एकीकडे. हे हसणं दुसरीकडे.

पुढचे काही दिवस घरातलं बोलणं मीठ-तिखटापुरतं उरलं. प्रेमलाबाईंनी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा भास्कररावांना वर्तमानपत्रात फार महत्त्वाचं काही सापडलं. स्पर्धेची मुदत जवळ येत होती. एका दुपारी मागच्या खोलीतून वेगळाच आवाज आला. गुरगुर नव्हे, रेशीम फाडावं तसा. भास्कररावांनी पान उलटलं नाही. ते ऐकत राहिले. गाडी सुटली, गिअर पडला, वळण आलं, आवाज जरा उतरला, परत चढला. कारंजं आलं नाही. पुढचं वळणही गेलं. गाडी हलकी आणि तोलात चालली आहे, हे त्यांच्या कानाने त्यांना सांगून टाकलं आणि या बाबतीत कानाशी खोटं बोलणं त्यांना शक्य नव्हतं.

ते दारात जाऊन उभे राहिले. पडद्यावर मगर घाट चढत होती. तिचं नाक वर होतं. खरोखर देखणी गाडी होती, हे ते प्रथमच बघत होते. इतके दिवस त्यांनी फक्त बॉनेट पाहिलं होतं.

त्यांची चाहूल लागून प्रेमलाबाईंची मान वळली आणि त्यांनी घाईने गाडी थांबवली. "खेळातलंच एक पेट्रोलचं नुसतं लावून बघत होते," त्या म्हणाल्या. "मी तुमचं काढणार नव्हते."

"काढ," भास्करराव म्हणाले. मग पलंगाच्या कडेवर बसले. "अडीच टनांच्या गाडीत टनभराचं इंजिन. ती वळणार नाही हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला तेवढं एकच येतं. ते नको म्हटलं असतं, तर तू मला पुढे काय विचारलं असतंस?"

प्रेमलाबाईंनी आपली खुर्ची थोडी बाजूला सरकवली आणि जेवणघरातून दुसरी आणून ठेवली.

त्यानंतरचे दिवस भास्कररावांनी पेट्रोल शिकण्यात घालवले. अत्तर हा शब्द बंद झाला. प्रेमलाबाई गाडी चालवत आणि ते शेजारी बसून कान देत. पुढचा भार कमी हवा, इथे ताकद उशिरा येते, हे उतारावर धापा टाकतंय. शेवटी तीन इंजिनं ठरली. ज्यांना शहरातच मिरवायचं आहे त्यांच्यासाठी चार सिलिंडर आणि जोडीला विजेची मोटर, लांबच्या प्रवासाला सरळ रांगेतले सहा आणि सगळ्यांत वर आठ. बारा सिलिंडरचं त्यांनी प्रामाणिकपणे बसवून पाहिलं, पण रेडिएटर ठेवायला जागाच उरली नाही. हे प्रतापसिंहरावांना सांगायला ते स्वतः तिसऱ्या मजल्यावर गेले, जिन्याने, लिफ्ट चालू असताना. प्रतापसिंहराव म्हणाले, मग बॉनेट लांब करा. भास्करराव म्हणाले, मिशी वाढवल्याने डोकं मोठं होत नाही. घरी येईपर्यंत आपण हे बोललो यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. आवाज मग ओळखीच्या गॅरेजांतून, रीतसर विचारून, एकेक करून टिपून आणले. त्यात मंगलकार्य कोणतंही नव्हतं.

मगरीला बक्षीस मिळालं नाही. ती कुठेतरी मधल्या नंबरावर आली. पैठणीचे काठ एका परीक्षकाला समजले नाहीत. मात्र फिनलंडच्या एका परीक्षकाने इंजिनांबद्दल एकच शब्द लिहिला होता. प्रेमलाबाईंनी त्याचा अर्थ सांगितला, 'योग्य'. भास्कररावांनी तो पुन्हा वाचायला लावला. एवढाच शब्द आहे, असं त्यांनी दोनदा विचारून घेतलं आणि मग खाली एक चक्कर मारून आले.

आठवड्याने प्रेमलाबाईंनी त्यांना मागच्या खोलीत बोलावलं. पडद्यावर एक ट्रक उभा होता. दहा चाकांचा, रुंद कपाळाचा, पाठीवर लाकडाचे ओंडके. त्याच्या पोटात धीरज होतं.

"इंजिनात काही खोट नव्हती," त्या म्हणाल्या. "गाडी चुकीची होती." आणि स्टिअरिंगपुढून उठून त्यांनी ती खुर्ची त्यांना दिली.

त्या दिवसापासून प्रेमलाबाईंना कॉम्प्युटर मिळेनासा झाला. त्यांच्या डोक्यात नव्या गाडीचे आराखडे घोळत होते, पण मागच्या खोलीत सकाळी नवाला माल भरायचा असे आणि दुपारी तो उतरवायचा असे. चहा गार होई. जेवायला तीनदा हाक मारावी लागे. तुम्ही एकदा उठाल का, असं त्या वैतागून विचारत, तर समोरून मान न वळवता उत्तर येई, की पूल अरुंद आहे.

एक दिवस हेमेंद्रभाईंनी बेल वाजवली. सोसायटीची मीटिंग होती, भास्करभाईंना बोलवायचं होतं.

"ते घाटात आहेत," प्रेमलाबाई म्हणाल्या. "भरलेला ट्रक आहे आणि आत्ताच उतार लागलाय."

दाराशी भास्कररावांच्या चपला होत्या. हेमेंद्रभाईंनी चपलांकडे पाहिलं, आतून येणारी गुरगुर क्षणभर ऐकली आणि मान डोलावली.

"तो पछी शांतीथी आववा दो, बेन," ते म्हणाले. "उतारावर घाई बरी नहीं." आणि मीटिंग अर्धा तास पुढे ढकलल्याचं सांगायला ते वरच्या मजल्यावर गेले.